लँडलाइन बंद पडली? तक्रार करण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

रिसीव्हर उचलला आणि कानात काहीच आलं नाही, की बहुतेक जण दोन-चार वेळा हुक दाबून बघतात, वायर हलवून बघतात आणि मग तक्रार नोंदवतात. तक्रार जरूर नोंदवावी. पण पुष्कळदा दोष घरातच असतो. कुठे पिन अर्धवट बसलेली असते, कुठे दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर नीट ठेवलेला नसतो, कुठे कॉर्डलेसची बॅटरी दमलेली असते. लाइनमन येऊन हेच सांगणार असेल तर मधले दिवस वाया जातात. ज्या घरात वयस्कर माणसं एकटी राहतात आणि रात्री-अपरात्री हाच एक फोन हाताशी असतो, तिथे हे दिवस फार महाग पडतात. म्हणून हा लेख, आणि तो खास त्यांच्यासाठी, ज्यांनी आजवर फोनची वायरसुद्धा काढून पाहिलेली नाही.

सगळ्या तपासणीत एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. दोष फोनच्या यंत्रात आहे, घरातल्या वायरिंगमध्ये आहे, की घराबाहेरच्या लाइनमध्ये? यंत्रात असेल तर ते बदलायचं, घरातल्या वायरीत असेल तर ती आपण दुरुस्त करून घ्यायची, बाहेर असेल तर कंपनीने करायची. एक नियम मात्र शेवटपर्यंत पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर रिसीव्हर कानाला लावून बघायचं. तीन गोष्टी एकदम हलवल्या आणि फोन सुरू झाला, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि आठवड्याभराने तोच त्रास पुन्हा सुरू होतो.

हात लावण्याआधी

रिसीव्हर खाली ठेवलेला असताना फोनच्या दोन तारांमध्ये साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो. कोरड्या हाताला तो सहसा जाणवत नाही. पण घंटा वाजते तेव्हा त्याच तारांवर ७५ ते ९० व्होल्ट एसी येतो आणि तो चांगलाच झटका देतो. तुम्ही तार सोलत असताना नेमका कोणाचा फोन येईल ते सांगता येत नाही. त्यामुळे ओल्या हाताने काही करू नका, तारांच्या उघड्या टोकांना बोट लावू नका. विजा कडाडत असतील तर फोनच्या वायरीला स्पर्शही करायचा नाही, काम दुसऱ्या दिवशी केलं तरी चालेल. आणि खांबावर किंवा बाहेरच्या उंच तारेपाशी चढायचं काम लाइनमनचं, ते त्यालाच करू द्या.

तुमचा फोन नेमका कशावर चालतो?

हे आधी बघितलं नाही तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या जागी जाते. फोनची वायर भिंतीवरच्या सॉकेटमध्ये जाते की राउटर किंवा फायबरच्या डब्याच्या मागे? भिंतीत जात असेल तर बहुधा तांब्याची जुनी लाइन आहे. तिला लागणारी वीज टेलिफोन एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांवरून त्याच दोन तारांतून येते, म्हणून घरातली वीज गेली तरी साधा फोन चालू राहतो.

वायर डब्याच्या मागे जात असेल तर फोन इंटरनेटच्या जोडणीवर चालतो आणि डबा बंद तर फोनही बंद. अशा वेळी आधी डब्याला वीज मिळते का, फोनच्या चिन्हाजवळचा दिवा लागलाय का, आणि वायर फोनच्याच पोर्टमध्ये आहे का ते बघा. पोर्ट दोन असले तर बहुतेक ठिकाणी पहिलाच चालू असतो. मग डब्याची वीज बंद करून मिनिटभर थांबा, पुन्हा चालू करा आणि सगळे दिवे स्थिर होईपर्यंत धीर धरा. इंटरनेटही बंद असेल तर मूळ जोडणीच तुटली आहे. इंटरनेट व्यवस्थित आणि फक्त फोनचा दिवा विझलेला असेल, तर तुमच्या नंबरची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर होत नाहीये. ती दुरुस्ती तिकडूनच होते, घरात शोधत बसू नका.

फायबर आल्यावर भिंतीतली जुनी सॉकेटं मुकी होतात, हेही लक्षात ठेवा. कोणी सवयीने फोन उचलून पुन्हा भिंतीत लावला की ‘लाइन गेली’ असं वाटतं. उलट बाजूने, डब्याचा फोन पोर्ट वायरने भिंतीतल्या सॉकेटला जोडून घरभर फोन चालवायचा विचार असेल, तर बाहेरून आलेली तांब्याची लाइन आधी कायमची सोडवून घेतली पाहिजे. नाहीतर एक्सचेंजची वीज डब्यात शिरून डबा निकामी होऊ शकतो.

इथून पुढे मुख्यतः तांब्याच्या लाइनबद्दल.

पायरी १: आधी नीट ऐका

माझ्या मते या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. हातात पेचकस घेण्याआधी कान पुष्कळ सांगून जातात.

रिसीव्हर उचला आणि बोलायच्या बाजूवर हलकी फुंकर मारा. चालू फोनमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात येतो, तशी त्याची रचनाच असते. फुंकरही ऐकू आली नाही आणि डायल टोनही नाही, तर फोनपर्यंत वीज पोचत नाही किंवा रिसीव्हरची वायर तुटली आहे. फुंकर ऐकू येते पण टोन नाही, याचा अर्थ लाइनवर थोडीफार वीज आहे. अशा वेळी घरातला दुसरा फोन उचललेला राहिला असण्याची शक्यता मोठी. रिसीव्हर बराच वेळ बाजूला राहिला की एक्सचेंज आधी टोन बदलतं, काही ठिकाणी मोठा कर्कश आवाज सोडतं आणि शेवटी त्या लाइनकडे लक्ष देणंच थांबवतं. रिसीव्हर जागेवर गेल्यावर लाइन पुन्हा पूर्ववत होते.

टोन तुटक-तुटक येत असेल तर तो बहुधा बिघाड नसतो. व्हॉइसमेलमध्ये निरोप पडलाय किंवा कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले आहेत याची ती खूण असते. टोन येतो पण नंबर फिरवल्यावर ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते, तर ती शेवटपर्यंत ऐका. बिल थकल्यामुळे बाहेर जाणारे कॉल बंद केले असतील तर ते तिथेच कळतं.

आता मोबाइलवरून आपल्याच लँडलाइनला फोन लावा. मोबाइलवर रिंग जाताना ऐकू येते पण घरातला फोन गप्प, तर कुठेतरी तार तुटली आहे, पिन निघाली आहे किंवा फोनची घंटा बंद आहे. एक्सचेंजच्या दृष्टीने तो रिसीव्हर खाली ठेवलेला फोन असतो, म्हणून ते बिचारं घंटा पाठवत राहतं. याउलट कायम एंगेज टोन येत असेल तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत किंवा एखादं यंत्र लाइन धरून बसलं आहे. हा फरक कागदावर लिहून ठेवा. तक्रार करताना तो फार उपयोगी पडतो.

पायरी २: लाइनवरचं सगळं काढा

घरातल्या प्रत्येक खोलीत जा. दुसरा फोन, फॅक्स, मोडेम, आन्सरिंग मशीन, कॉलर आयडीचा वेगळा डबा, विजेपासून संरक्षणासाठी लावलेला सर्ज प्रोटेक्टर, पलंगामागे विसरलेला जुना फोन, जे जे लाइनला लावलंय ते सगळं काढा. नुसता रिसीव्हर खाली ठेवून भागत नाही, पिनच बाहेर काढायची. बिघडलेलं यंत्र बंद दिसत असलं तरी आतून दोन तारा जोडून ठेवू शकतं. सर्ज प्रोटेक्टरकडे विशेष लक्ष द्या. वीज पडल्यावर तो आपलं काम करतो आणि पुष्कळदा आतून कायमचा शॉर्ट होऊन बसतो. मग फोन चांगला, लाइन चांगली आणि मधला हा रक्षकच वाट अडवून असतो. घरात चोरीचा अलार्म फोनच्या लाइनला जोडलेला असेल तर तो तुम्ही सोडवू नका, ज्यांनी बसवला त्यांना विचारा. तो लाइनच्या अगदी सुरुवातीला बसवलेला असतो आणि त्यात बिघाड झाला तर घरातले सगळेच फोन बंद पडू शकतात.

सगळं काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, म्हणजे एक्सचेंजला लाइन मोकळी झाल्याचं समजेल. मग एकच साधा, वायरचा फोन एकाच सॉकेटला लावा. विजेच्या प्लगशिवाय चालणारा साधा फोन घरात एक तरी असू द्या, हा माझा आग्रह आहे. तपासणीसाठी त्याहून चांगलं साधन नाही, आणि वीज गेल्यावर तांब्याच्या लाइनवर तोच उपयोगी पडतो.

टोन आला? मग एकेक यंत्र परत जोडा, दर वेळी ऐका. ज्याच्यानंतर टोन गेला ते दोषी.

पायरी ३: फोन आणि वायर बदलून बघा

टोन आला नाही तर तोच फोन दुसऱ्या सॉकेटला लावा. नंतर दुसरा, चालू असल्याची खात्री असलेला फोन पहिल्या सॉकेटला. शेजाऱ्यांकडून तासाभरासाठी फोन आणता आला किंवा आपला फोन त्यांच्या लाइनला लावून बघता आला तर उत्तमच.

वायरी दोन असतात. भिंतीपासून फोनपर्यंत येणारी सपाट वायर आणि फोनपासून रिसीव्हरपर्यंतची गुंडाळीची वायर. रिसीव्हरच्या वायरीची पिन जरा अरुंद असते, त्यामुळे ती चुकून भिंतीच्या सॉकेटमध्ये घालू नका, आतले पत्रे वाकतात. गुंडाळीची वायर सगळ्यात जास्त ओढली जाते आणि दोन्ही टोकांपाशी आतून तुटते. टोन ऐकत असताना ती टोकाजवळ हळूच वाकवा. आवाज येऊ-जाऊ लागला तर वायर बदला, फोन टाकून देऊ नका. सपाट वायरीची पिन ‘टक’ आवाज होऊन अडकली पाहिजे. तिची प्लॅस्टिकची जीभ मोडली असेल तर पिन जागच्या जागी सैल होते आणि फोन कधी चालतो, कधी नाही. सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघा. पितळी तारा हिरवट-काळ्या झाल्या असतील किंवा एकमेकींवर चढल्या असतील तर सॉकेट बदलायचं.

पायरी ४: लाइन घरात शिरते तिथे जा

घरातल्या एकाही सॉकेटला टोन नसेल, तर बाहेरची वायर ज्या डब्यात पहिल्यांदा येते तो डबा शोधा. काही ठिकाणी त्यात तपासणीचं वेगळं सॉकेट असतं. झाकण काढून त्यात फोन लावला की घरातलं सगळं वायरिंग आपोआप तुटतं आणि फोन थेट बाहेरच्या लाइनला लागतो. काही ठिकाणी साधी रोझेट असते, दोन स्क्रू आणि त्याखाली दाबलेल्या तारा. तिथे बाहेरून आलेल्या दोन तारा आणि घरात जाणाऱ्या दोन तारा एकाच जोडीच्या स्क्रूखाली असतात. आधी मोबाइलवर फोटो काढा. मग घरात जाणाऱ्या दोन तारा सोडवून बाजूला करा, त्यांची टोकं एकमेकींना लागू देऊ नका, आणि फोन बाहेरच्या तारांना जोडून ऐका. डब्याचा एखादा भाग कंपनीने सील केला असेल तर तो फोडायचा नाही.

इथे टोन आला तर बाहेरची लाइन निर्दोष आहे, दोष तुमच्या भिंतींमध्ये. नवीन ठोकलेला खिळा, उंदराने कुरतडलेली वायर, रंगकाम करताना झाकला गेलेला जोड, ओल आलेली भिंत, यांतलं काहीतरी सापडतं. जुनी वायर भिंतीतून शोधत बसण्यापेक्षा नवी वायर बाहेरून टाकणं बहुतेक वेळा सोपं पडतं. इथेही टोन नसेल तर दोष बाहेर आहे आणि तुमची तपासणी संपली.

मल्टिमीटर असेल तर

डीसीच्या २०० व्होल्टच्या रेंजवर ठेवून बाहेरच्या दोन तारांवर टोकं टेकवा. सगळे फोन खाली असताना ४८ च्या आसपास आकडा यावा, थोडा वर-खाली चालतो. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर टोकं उलटी लागलीत इतकंच. रिसीव्हर उचलल्यावर तो साधारण ५ ते १२ व्होल्टपर्यंत उतरतो, ते योग्यच आहे. घरातलं वायरिंग सोडवल्यावरही शून्य आलं तर बाहेर तार तुटली आहे किंवा शॉर्ट आहे. आणखी एक खूण नवख्यांना ठाऊक नसते. रिसीव्हर खाली असताना व्होल्टेज अगदी ठीक, पण उचलल्याबरोबर ते जवळजवळ शून्यावर येतं आणि टोनही येत नाही. हा गंजलेल्या जोडाचा पुरावा. असा जोड मीटरपुरती नाममात्र वीज जाऊ देतो, फोनला लागणारी २० मिलिअँपिअर किंवा जास्त वीज जाऊ देत नाही. रोध मोजायची, म्हणजे ओहमची रेंज चालू लाइनवर कधीही वापरू नका, मीटर खराब होतो.

खरखर, घरघर आणि पाऊस

बंद फोनपेक्षा हा त्रास जास्त छळतो, कारण लाइनमन येतो तेव्हा आवाज स्वच्छ असतो. म्हणून आवाजाचे प्रकार ओळखा.

कडकड, तुटक खरखर बहुधा सैल किंवा गंजलेल्या जोडातून येते. पाऊस पडला की वाढते, दोन दिवस ऊन पडलं की थांबते, असं असेल तर कुठल्यातरी जोडात किंवा केबलमध्ये पाणी शिरतंय. ओल्या इन्सुलेशनमधून वीज झिरपते आणि तांबं हळूहळू खाल्लं जातं, त्यामुळे उन्हाने सुधारलेली लाइन पुढच्या पावसात आणखी वाईट होते. वाट बघत बसू नका.

सलग घुमणारी घरघर वेगळी. फोनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. आसपासच्या विजेच्या तारांचा परिणाम दोन्हींवर सारखा होतो आणि तो एकमेकांना खोडून काढतो. दोघींपैकी एक तार जमिनीला किंवा ओल्या भिंतीला लागली की हा समतोल बिघडतो आणि घरातल्या विजेची घरघर कानात येते. फक्त कॉर्डलेसवर घरघर येत असेल तर मात्र आधी त्याचा बेस टीव्ही, राउटर आणि अडॅप्टरपासून लांब ठेवून बघा.

बारीक सूं-सूं आवाज आणि त्याच लाइनवर डीएसएल इंटरनेट? मग फिल्टर बघा. बोलण्यासाठी ३०० ते ३४०० हर्ट्झची पट्टी वापरली जाते आणि इंटरनेट त्याच्या बऱ्याच वर, २५ किलोहर्ट्झच्या पुढे चालतं. दोघांना वेगळं ठेवायचं काम फिल्टर करतो. घरातल्या प्रत्येक फोनला तो हवा, एकाला विसरला तरी आवाज येतो. मोडेमला मात्र फोनचा फिल्टर लावायचा नाही.

कधी असंही होतं की फोन बंद असतो, बाहेरून कोणाचा तरी कॉल येतो, घंटा वाजते, आणि त्यानंतर काही तास फोन छान चालतो. घंटेचं जास्त व्होल्टेज गंजलेल्या जोडावरचा पातळ थर भेदून जातं, म्हणून तात्पुरती वाट मोकळी होते. लाइन सुधारली असं समजू नका. हीच गोष्ट शब्दशः तक्रारीत सांगा, जाणकार लाइनमन ती ऐकून थेट जोड शोधायला लागेल.

टोन आहे, तरीही अडचण

घंटाच वाजत नसेल तर फोनच्या कडेला किंवा तळाला असलेलं घंटेचं बटण बघा, पुसताना ते सरकतं. नंतर लाइनवर फोन फार झालेत का ते मोजा. एक लाइन साधारण चार-पाच जुन्या धाटणीच्या घंटा वाजवू शकते, त्याहून जास्त झाल्या की सगळ्याच क्षीण होतात. दोन काढून बघा.

बटणं दाबली तरी टोन तुटत नसेल तर फोनवरचा टोन-पल्सचा खटका, म्हणजे नंबर कोणत्या पद्धतीने पाठवायचा ते ठरवणारं बटण, पल्सवर गेला असण्याची शक्यता असते. तो टोनवर करा. समोरच्याला तुमचा आवाज जात नसेल तर एक आकडा दाबून टोन थांबवा आणि लगेच फुंकर मारा. कानात आली नाही तर म्यूटचं बटण, रिसीव्हरची वायर आणि माइक, या क्रमाने तपासा.

कॉर्डलेस फोन

बेसला वीज आहे का, ही पहिली गोष्ट. दुसरी बॅटरी. रात्रभर चार्ज करूनही दोन मिनिटांत हँडसेट बंद पडत असेल तर बॅटरी बदला, आणि बदलताना प्रकार व व्होल्टेज जुन्यावर छापलंय तेच घ्या. चार्जिंगचे पत्रे कोरड्या कापडाने पुसा. ‘बेस सापडत नाही’ अशी सूचना येत असेल तर हँडसेट बेसजवळ नेऊन पुन्हा जोडून घ्यावा लागतो, त्याची पद्धत प्रत्येक फोनच्या पुस्तिकेत असते. एवढं करूनही टोन नसेल तर कॉर्डलेस बाजूला ठेवा आणि साधा फोन लावून पहिल्या पायरीपासून सुरू करा.

तक्रार नोंदवताना

‘फोन डेड आहे’ एवढंच सांगितलं तर तपासणी शून्यापासून सुरू होते. त्याऐवजी सांगा, की घरातलं वायरिंग सोडवून बाहेरच्या लाइनवर दुसरा फोन लावून पाहिला, टोन नाही, बाहेरून फोन केल्यावर रिंग जाते की एंगेज येतं, व्होल्टेज मोजलं असेल तर किती, आणि त्रास पावसात वाढतो का. शेजारच्या घरांचे फोनही बंद असतील तर आवर्जून सांगा, मग केबलच कापली गेल्याची शक्यता असते आणि एकट्या तुमच्या लाइनवर वेळ जात नाही. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. फोन बंद आहे तोवर येणारे कॉल मोबाइलवर वळवून मिळतात का तेही विचारा. घरात आजारी किंवा एकटं माणूस असेल तर ते स्पष्ट सांगायला संकोच करू नका.

लाइनमन काम संपवून निघण्याआधी, तो दारात असतानाच, एक कॉल बाहेर लावा आणि एक मोबाइलवरून आत घ्या. दोन्ही कॉलवर मिनिटभर तरी बोला. सोडवलेल्या तारा फोटो बघून पुन्हा स्क्रूखाली घट्ट करा आणि प्रत्येक खोलीतल्या फोनवर टोन येतो का ते ऐका.